मामाला हवा असलेला आकडा

माझे वडील पेठला शाळेत शिक्षक होते. बारावीनंतर संख्याशास्त्र शिकायला मी नाशिकला आले आणि पंचवटीत मामाकडे राहिले. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामा भिक्षुकी करायचा. सकाळी रामकुंडावर, दुपारनंतर कुणाकडे वास्तुशांत, कुणाकडे सत्यनारायण. यजमान कितीही घाईत असला तरी मामा एक मंत्र गाळायचा नाही. "गाळलेलं त्याला कळणार नाही, मला कळेल ना," एवढंच म्हणायचा. त्यामुळे काही लोक त्याला टाळायचे आणि काही त्याच्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचे नाहीत.

एम.एस्सी. झाल्यावर पहिली नोकरी मला मामामुळेच मिळाली. गंगापूर रोडला एका गृहस्थांनी गुंतवणूक सल्ल्याचं कार्यालय काढलं होतं. पूर्वी ते बँकेत अधिकारी होते. कार्यालयाची वास्तुशांत मामाने केली आणि जेवायला बसल्यावर सहज विषय काढला, की माझी भाची आकड्यांतली आहे, काही काम असलं तर बघा. पुढच्या सोमवारी मी तिथे खुर्चीवर होते.

काम मला आवडलं, हे आधी सांगितलं पाहिजे. बाजार बंद झाला की दिवसाचे भाव उतरवून घ्यायचे, एक्सेलमध्ये प्रत्येक शेअरचा परतावा काढायचा, ग्राहकांच्या खात्यांना लावायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात खूप खाचाखोचा असतात. एखाद्या कंपनीने एका शेअरचे पाच केले की भाव रातोरात पाचव्या हिश्शावर येतो, आणि संगणकाला वाटतं ऐंशी टक्के बुडाले. लाभांश धरायचा विसरला की आकडा चुकतो. मग मी आर नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला शिकले. हाताने दिवसभर चालणारं काम चहा होईपर्यंत व्हायला लागलं. कोणता शेअर किती हेलकावे खातो, दोन शेअर एकत्र पडतात की वेगवेगळे, हे आलेखाच्या रेघेत दिसायचं. पडद्यावर ती रेघ उमटली की मला खरोखर आनंद व्हायचा.

साहेब स्वभावाने गोड होते. कधी आवाज चढवायचे नाहीत. ग्राहक आला की स्वतः उठून पाणी द्यायचे. बहुतेक ग्राहक निवृत्त झालेले, सरळ नोकरी केलेले लोक. शेअर त्यांच्याच खात्यात असायचे, पण खरेदी-विक्रीचे अधिकार त्यांनी सही करून साहेबांना दिलेले होते.

टाळेबंदीनंतरची दोन-तीन वर्षं बाजार नुसता वर जात होता. तेव्हा साहेबांचं काहीच चुकत नव्हतं. मग वेग मंदावला, आणि एके दिवशी त्यांनी मला आत बोलावून नव्या माहितीपत्रकासाठी परताव्याचा तक्ता आणि आलेख करायला सांगितलं.

"सुरुवात कुठून धरायची?" मी विचारलं.

"टाळेबंदीत बाजार तळाला गेला होता ना, तिथून."

"पण सर, आपले निम्मे ग्राहक त्याआधीचे आहेत. आणि उरलेले बरेच नंतरचे."

"असू दे. रेघ छान दिसते तिथून." ते हसले. "आणि जे शेअर आपण विकून टाकलेत ते यादीत नको. आता ते आपल्याकडे नाहीतच, तर दाखवायचे कशाला?"

विकून टाकलेले म्हणजे तोट्यात विकलेले. ते काढले की उरतात फक्त वर गेलेले. त्यांच्या वर्षावर्षाच्या परताव्यांची साधी सरासरी काढली, की बावीस टक्के येत होते. मी दुपारभर बसून खरा हिशोब केला. सगळे शेअर धरले, कार्यालयाची फी वजा केली, प्रत्येक ग्राहकाने पैसे ज्या तारखेला घातले ती तारीख धरली. बहुतेकांच्या हाती वर्षाला सहा-सात टक्के पडत होते. बँकेत ठेवून एवढे आले असते, आणि झोपही नीट लागली असती.

मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. रागावले नाहीत. मला वाटतं रागावले असते तर बरं झालं असतं.

"गणित बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण सात टक्क्यांसाठी कोण जिना चढून वर येईल?"

"मग बावीस लिहायचं?"

"बावीस खोटं आहे का? आपल्याकडे आज जे शेअर आहेत त्यांची सरासरी बावीसच येते. मी एकही आकडा बनवायला सांगत नाहीये तुला."

हे खरं होतं. एकही आकडा खोटा नव्हता. मी म्हटलं, मला हे जमणार नाही. ते म्हणाले, विचार कर. मी विचार केला आणि महिनाअखेरीस नोकरी सोडली. पुढे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, पगार निम्म्याहून कमी.

मामाने त्या कार्यालयात पैसे ठेवले होते हे मला माहीत होतं. थोडेच होते, माझी नोकरी लागल्यानंतर कौतुकाने ठेवलेले. मी नोकरी सोडली त्या सुमारास त्याने मखमलाबादचा छोटा प्लॉट विकला होता आणि ती सगळी रक्कम तिथेच घालायचं त्याच्या मनात होतं. हे मामीने मला सांगितलं. नोकरी लागल्यावर मी गंगापूर रोडला खोली घेऊन राहत होते; त्याच रविवारी पंचवटीत गेले.

मामा पाटावर बसून दर्भ निवडत होता. मी लॅपटॉप उघडला आणि त्याला समजेल असं समजावलं. "मामा, समज शंभर रुपये आहेत. पहिल्या वर्षी पन्नास टक्के वाढले. किती झाले?"

"दीडशे."

"दुसऱ्या वर्षी चाळीस टक्के पडले. दीडशेचे चाळीस टक्के म्हणजे साठ. किती उरले?"

"नव्वद."

"म्हणजे शंभराचे नव्वद झाले. पण पन्नास अधिक आणि चाळीस वजा, याची सरासरी काढली तर येते अधिक पाच. पत्रकात ते ही सरासरी छापतात. तुझे दहा गेले, आणि कागदावर तू पाच टक्क्यांनी वर."

मामाने दर्भ खाली ठेवला. क्षणभर मला वाटलं, पटलं. मग तो म्हणाला, "तुझं त्यांच्याशी बिनसलंय का काही?"

"बिनसलं नाही. मी सोडली नोकरी."

"तेच. नोकरी सोडलेलं माणूस चांगलं थोडंच बोलतं?" तो हे टोचून बोलला नाही, समजूत काढल्यासारखं बोलला. "अगं, त्यांच्या घरचे सगळे कुळाचार मी करतो. आई गेली त्यांची, तेरा दिवस मी होतो तिथे. माणूस कळतो अशा वेळी. आणि तू म्हणतेस ते पुढे कधी पडलं तर ना?"

"पडल्यावर उपयोग काय सांगून?"

"बघू," मामा म्हणाला, आणि मामीला चहा टाकायला सांगितला.

मी पुन्हा दोनदा-तीनदा विषय काढला. दरवेळी तो "बघू" म्हणाला. नंतर कळलं, प्लॉटचे पैसे तर त्याने घातलेच, वर ओळखीपाळखीच्या लोकांनाही सांगितलं. कुणाकडे पूजेला गेला आणि प्रसाद घेताना गप्पा निघाल्या, की मामा त्या कार्यालयाचं नाव सांगायचा. त्यात त्याला एक पैसाही मिळत नव्हता. आपल्याला बरं मिळालेलं दुसऱ्यालाही मिळावं, एवढंच.

मग बाजार घसरायला लागला. मोठ्या कंपन्या थोड्या घसरल्या, लहान कंपन्या धाडकन. साहेबांकडे बहुतेक लहान कंपन्यांचेच शेअर होते. गेलेलं भरून काढायला त्यांनी ग्राहकांच्या खात्यांवर वायद्याचे सौदे सुरू केले, म्हणजे थोडी रक्कम भरून मोठी पैज लावायची. ती पैज उलटली की भरलेलं तर जातंच, वर आणखी द्यावं लागतं. ते देण्यासाठी उरलेले शेअर मिळेल त्या भावाला विकले गेले. दर महिन्याला येणारं विवरण यायचं बंद झालं. आधी कार्यालयात एक मुलगी फोन उचलून "सर मीटिंगमध्ये आहेत" म्हणायची, पुढे फोनही लागेना. मामा जाऊन आला तर खालच्या दुकानदाराने सांगितलं, जागा रिकामी केली, पुण्याला गेले म्हणतात.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मामा माझ्या घरी आला. मी तेव्हा लग्न होऊन इंदिरानगरला राहायला गेले होते. मामा कधी न कळवता यायचा नाही. रिक्षाने आला होता, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायला, पंख्याखाली बसला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. आत कागद होते, वेगवेगळ्या लोकांचे. कुणाच्या बँकेच्या नोंदी, कुणाच्या खात्याचे उतारे.

"मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांच्याकडून मागून आणलेत," तो म्हणाला. "प्रत्येकाचं किती गेलं ते काढून दे. खरा आकडा. ते बावीसवालं नको."

"मामा, गेलेलं त्यांना माहीतच असेल की."

"काही गेलं एवढं माहीत आहे. किती गेलं हे कुणालाच कळत नाही. मधूनमधून घातलेत, मधूनमधून काढलेत. मलाही माझं कळत नाही."

मी कामाला लागले. प्रत्येकाने कोणत्या तारखेला किती घातले, किती काढले आणि आज खात्यात काय उरलं, हे भरलं की एक्सेल वर्षाचा खरा दर काढून देतं. एकेक कागद मी भरत होते आणि मामा शेजारी बसून पडद्याकडे बघत होता. उणे चौदा. उणे एकोणीस. एकाचा उणे बत्तीस. उणे म्हणजे दर वर्षी उरलेल्यातलं तेवढं गेलं.

"शेअर तर सगळ्यांचे तेच," मामा म्हणाला. "मग प्रत्येकाचा आकडा वेगळा कसा?"

"पैसे कधी घातले त्यावर आहे. सुरुवातीला घातले त्यांचे आधी वाढले होते, मग पडले. शेवटी शेवटी घातले त्यांचे नुसतेच पडले."

त्याने कागदांवरच्या तारखा एकेक करून पाहिल्या. मग म्हणाला, "म्हणजे मी ज्याला जितकं उशिरा सांगितलं, त्याचं तितकं जास्त गेलं."

 तसंच होतं ते.

"माझा किती?"

मी सांगितला. प्लॉटचे पैसे त्याने अगदी वरच्या भावाला घातले होते. त्याने मान हलवली, जणू दुसऱ्या कुणाचं ऐकतोय. "छापून दे सगळं," तो म्हणाला. "आणि माझ्याबरोबर चल. मी सांगेन, पण कुणी काही विचारलं तर मला उत्तर देता यायला नको?"

पुढचे काही रविवार आम्ही घरोघर गेलो. मामा धुतलेलं धोतर नेसायचा, जसा पूजेला जाताना नेसायचा. पहिल्यांदा आम्ही काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत एका काकूंकडे गेलो. त्यांचे यजमानही भिक्षुकच होते, काही वर्षांपूर्वी वारले. काकूंनी मामाला खुर्ची दिली, मला सतरंजी. मामाने कागद काढला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचे पैसे वर्षाला उणे एकवीसने गेले."

"उणे म्हणजे हो?"

"म्हणजे वाढले नाहीत. कमी झाले. शंभराचे एकोणऐंशी, मग एकोणऐंशीचे बासष्ट, मग बासष्टचे एकोणपन्नास. आता निम्म्याहून कमी उरलेत."

काकूंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "पण त्या पत्रकावर तर अधिक लिहिलं होतं."

"ते खरं नव्हतं," मामा म्हणाला. "मी न तपासता तुम्हाला सांगितलं."

काकू रडल्या नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी देवघरातल्या फळीवर ठेवली आणि आत जाऊन आम्हाला खोबऱ्याची वडी आणून दिली. मामाने वडी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "यांना जप हो. उन्हाचे हिंडतायत."

मार्केट यार्डाजवळ राहणारे एक भाजीचे व्यापारी होते. दर श्रावणात त्यांच्याकडे मामाचा सत्यनारायण असायचा. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. रकमेने त्यांचं सगळ्यांत जास्त गेलं होतं, पण त्यांना धंद्याची सवय होती, माल सडतो, भाव पडतो. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पूजाच करत जा. हे आपलं काम नाय." आम्हाला दारापर्यंत सोडायलाही आले. त्या श्रावणात त्यांनी दुसऱ्या गुरुजींना बोलावलं.

सर्वांत वाईट घर हिरावाडीतलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांची बायको आणि लग्नाची मुलगी. मुलीच्या लग्नासाठीचे पैसे त्यांनी सगळ्यांत शेवटी घातले होते. उणे बत्तीस त्यांचंच. मामाने आकडा सांगितला. ते माझ्याकडे वळले.

"ही तिथे कामाला होती ना? तक्ते हिनेच बनवले ना? तुम्हीच सांगितलं होतं मला, माझी भाची आहे तिथे, आकड्यांतली आहे."

मला ते ऐकून धक्का बसला. मामाने मी नोकरी सोडल्यानंतरही लोकांना माझं नाव सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा उठून उभा राहिला. उभं राहताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"तिने तसला तक्ता बनवायला नकार दिला आणि नोकरी सोडली," मामा म्हणाला. "मला तिने समोर बसवून दाखवलं होतं. शंभर रुपयांचं उदाहरण घेऊन. मला समजलंही होतं. तरी मी तुमच्याकडे आलो आणि तिचं नाव सांगितलं. काय बोलायचं ते मला बोला."

ते बोलले. जे बोलले ते लिहायची गरज नाही. बायको "अहो, गुरुजी आहेत ते" म्हणत राहिली आणि ते बोलत राहिले. मुलगी आतल्या दारात उभी होती. शेवटी त्यांनी कागद चुरगळून मामाच्या अंगावर फेकला. मामाने वाकून तो उचलला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला आणि टीपॉयवर ठेवला. "हा असू द्या," तो म्हणाला. "तक्रार करायची तर लागेल."

बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवली. मामा आत बसला आणि डोळे मिटले. पुलावर आल्यावर मी विचारलं, "समजलं होतं तर मग का घातलेस रे?"

"तू लहान होतीस माझ्या लेखी," तो म्हणाला. "आणि ते साहेब होते."

उरलेल्या घरी त्याने मला नेलं नाही, एकटा गेला. आम्ही सगळ्यांची मिळून तक्रार केली. मी सगळे हिशोब जोडून दिले. सुनावण्या अजून चालू आहेत. तारीख पडते, पुढची तारीख मिळते. साहेबांचे वकील म्हणतात, अधिकार ग्राहकांनीच सही करून दिले होते, आणि बाजारातल्या जोखमीची ओळ प्रत्येक कागदावर छापलेली होती. ती होती हे खरं आहे.

मामाची कामं कमी झाली. घरगुती पूजा जवळजवळ बंद पडल्या, म्हणून त्याने रामकुंडावरची उन्हातली कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली, जी वयामुळे सोडली होती. मी पैसे देऊ केले तर तो घ्यायचा नाही. मामीच्या हातात दिले तर मामी घ्यायची आणि त्याला सांगायची नाही. पावसाळा संपता संपता त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रोज महाविद्यालयातून सुटल्यावर दवाखान्यात जायचे. तो मला ओळखायचा. काहीतरी म्हणायचा प्रयत्न करायचा, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी म्हणायचे, राहू दे, नंतर बोलू. दिवाळीच्या आधी तो गेला.

ज्यांच्याकडे आम्ही गेलो होतो त्यांतल्या काळाराम मंदिरामागच्या काकू तेवढ्या आल्या. दिवस घालायला आलेले गुरुजी तरुण होते, भरभर म्हणत होते. मला वाटलं त्यांना हळू म्हणायला सांगावं. सांगितलं नाही.

मामीला आम्ही इंदिरानगरला आणलं. मामाचं खातं तिच्या नावावर करून घेतलं आणि उरलेले शेअर विकायला काढले. एका कंपनीचे विकताच आले नाहीत. तिचे व्यवहार बाजाराने थांबवलेत. ते अजून खात्यात आहेत, भावाच्या रकान्यात शून्य दिसतं.

मामी फारशी बोलत नाही. माझ्या सासूबरोबर भाजी निवडते, संध्याकाळी गॅलरीत बसते. एकदा मी विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या फाइली तपासत होते, तर शेजारी येऊन बसली. बराच वेळ पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होती.

"तुला तेव्हाच कळलं होतं ना गं?" तिने विचारलं.

"हो."

"मग ओरडायचं होतंस. भांडायचं होतंस त्याच्याशी. लॅपटॉप दाखवून काय होतं?"

मी म्हटलं, "मामी, मी तीन-चारदा सांगितलं त्याला."

"सांगितलंस," ती म्हणाली. "सांगणं वेगळं." मग ती उठली आणि दिवा लावायला आत गेली.